वाईनचे बूच काढण्यासाठी कॉर्कस्क्रू कसा निवडावा : समुद्रकाठच्या घरासाठी

गुहागरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खणात चार कॉर्कस्क्रू आहेत आणि त्यांतला खरोखर कामाचा एकच आहे. उरलेल्या तिघांपैकी एकाचा चकचकीत मुलामा दुसऱ्या पावसाळ्यातच पापुद्र्यासारखा सुटला. दुसरा बुचाला छान भोक पाडतो, पण बूच वर आणत नाही. आणि तिसरा बॅटरीवर चालतो, म्हणजे तो चार्ज करायचा राहिला आहे हे नेमके वीज गेल्यावर लक्षात येते. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. पुण्या-मुंबईची मंडळी येताना हौसेने वाईनची बाटली आणतात, ती उघडण्याचे साधन मात्र घरी विसरतात, आणि मी विळीवर नारळ खवत असताना दारातून हाक येते, "काकू, बूच काढायला काही आहे का हो?" या हाकेला उत्तर देता देता जे अनुभवाने कळले, आणि नंतर वाचून व दुकानांत हाताळून जे पक्के केले, ते येथे मांडत आहे.

कॉर्कस्क्रू घेताना बहुतेक जण मूठ पाहतात, म्हणजे ती लाकडी आहे की धातूची, हातात कशी दिसते, भेट द्यायला बरी आहे का. पाहायचे असते ते मुठीखालचे मळसूत्र. मूठ केवळ जोर कमी लावावा लागावा म्हणून असते. बूच अखंड बाहेर येणार की त्याचा भुगा होणार, हे मळसूत्राच्या आकारावर ठरते. त्यानंतर प्रश्न उरतो तो घरातल्या सर्वांत कमी जोराच्या हातांचा आणि, आपण किनाऱ्यावर राहत असल्याने, खाऱ्या हवेचा.

आधी बाटलीचे तोंड पाहावे

पुष्कळदा कॉर्कस्क्रूची गरजच नसते. नाशिक परिसरातल्या बऱ्याच वाईन, विशेषतः ताज्या पिण्याच्या पांढऱ्या वाईन, आता फिरकीच्या झाकणाने बंद केलेल्या असतात. बाटलीच्या गळ्याशी अॅल्युमिनियमचा लांबट पत्रा दिसतो आणि त्यात बारीक छिद्रांची एक रेघ असते. अशा वेळी छिद्रांच्या रेघेखालचा पट्टा एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने झाकण फिरवले, की 'कट्' असा आवाज होऊन ते सुटते. हे झाकण हलक्या वाईनची खूण आहे असे समजणारे लोक अजून भेटतात. त्यात तथ्य नाही. आपल्या घरी अशाच बाटल्या येत असतील, तर कॉर्कस्क्रूवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

फसफसणाऱ्या वाईनचे बूच अळंबीच्या आकाराचे असते आणि त्यावर तारेची जाळी बसवलेली असते. त्याला कॉर्कस्क्रू कधीही लावू नये. आतला दाब साधारण 5 ते 6 वातावरणांचा, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून अधिक असतो, आणि अशा बुचात मळसूत्र खुपसणे म्हणजे डोळ्याशी खेळ आहे. बाटली आधी नीट गार करावी, अंगठा बुचावर दाबून ठेवूनच जाळीची कडी सहा अर्धे फेरे उलटी फिरवून सैल करावी, बाटली तिरकी धरून तिचे तोंड माणसांपासून दूर ठेवावे, आणि बूच स्थिर धरून बाटलीचा तळ हळूहळू फिरवावा. बूच आपणहून वर येऊ लागते. त्याला थोडे आत दाबून धरतच बाहेर येऊ द्यावे.

राहिली ती साधी, सरळ बुचाची बाटली. कॉर्कस्क्रू हवा तो हिच्यासाठी.

बूच म्हणजे नेमके काय

आपल्याकडे रस्त्याकडेला पांढऱ्या, लांब देठाच्या सुगंधी फुलांचा सडा टाकणारे बुचाचे झाड असते आणि त्याची साल बुचासारखी मऊ असते. हलक्या प्रतीची बुचे तिच्यापासून करत असत. वाईनचे बूच मात्र त्या झाडाचे नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या एका ओक जातीच्या वृक्षाच्या सालीचे असते आणि जगातले जवळजवळ निम्मे बूच पोर्तुगालमध्ये तयार होते. झाड साधारण 25 वर्षांचे झाले की पहिली साल काढतात, पुढे दर 9 वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल ओबडधोबड असल्याने बाटलीच्या बुचासाठी चालत नाही. तिसऱ्या खेपेची लागते. म्हणजे झाड चाळिशी ओलांडते तेव्हा कुठे वाईनचे बूच देते.

या बुचाचा व्यास सुमारे 24 मिलिमीटर असतो आणि बाटलीच्या गळ्याचा आतला व्यास असतो सुमारे साडेअठरा. यंत्राने आवळून ते गळ्यात सोडतात आणि ते फुगून काचेला चिकटून बसते. साध्या बाटलीत बुचाची लांबी 38 किंवा 44 मिलिमीटर असते. वर्षानुवर्षे साठवण्याच्या वाईनमध्ये ती 49 किंवा 54 पर्यंत जाते. चांगल्या स्थितीतले बूच सरळ ओढायचे झाले, तर सर्वसाधारणपणे 20 ते 40 किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. सिमेंटचे अर्धे पोते दोन बोटांच्या पकडीत उचलण्यासारखे हे आहे, आणि म्हणूनच नुसत्या इंग्रजी 'टी'च्या आकाराचा, तरफ नसलेला कॉर्कस्क्रू घरात आणू नये. तो स्वस्त असतो, सुबक दिसतो, आणि बाटली दोन गुडघ्यांत धरून ओढताना बूच एकदम सुटले की अर्धी वाईन लुगड्यावर येते.

सालीच्या अखंड बुचाखेरीज दोन प्रकार आढळतात. एक, सालीचा चुरा दाबून केलेले बूच, जे ठिपकेदार दिसते आणि लवकर कुस्करते. दुसरे, प्लॅस्टिकसारख्या कृत्रिम द्रव्याचे, जे तुटत नाही पण काचेला हट्टाने धरून बसते आणि मळसूत्रालाही सहज आत शिरू देत नाही. बाटली बंद असताना आत कोणते आहे हे बहुधा कळत नाही. त्यामुळे साधन तिन्हींना पुरून उरणारे हवे.

मळसूत्र आणि गिरमिट

सुताराचे गिरमिट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. गिरमिटाच्या मधोमध भरीव दांडा असतो आणि त्याच्या कडेने धारदार आटे असतात; लाकूड कापत, भुसा वर फेकत ते भोक पाडते. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी कॉर्कस्क्रूंची रचना अगदी अशीच असते. ते बुचात जातात, मधला गाभा खरवडतात, आणि ओढल्यावर नुसतेच सुटून येतात. बूच जागच्या जागी, वर भोक आणि आत भुगा. चांगल्या कॉर्कस्क्रूला मधला दांडा नसतो. तो एका तारेचा पोकळ वेढा असतो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा, आणि पहिल्या टोकाने जी वाट केली त्याच वाटेने मागचे सारे वेढे सरकत जातात. त्यामुळे बूच फारसे कापले जात नाही आणि प्रत्येक वेढ्याखाली बुचाचा अखंड थर पकडीत राहतो.

दुकानात हे तपासायला एक आगपेटी पुरते. मळसूत्राच्या मधल्या पोकळीतून आगकाडी खालपासून वरपर्यंत सरळ जायला हवी. काडी नसेल, तर मळसूत्राचे टोक डोळ्यासमोर धरून आत पाहावे. मध्यभागी गोल उजेड दिसला तर वस्तू ठीक, धातू दिसला तर ती परत खोक्यात.

मग टोक पाहावे. ते सुईसारखे तीक्ष्ण तर हवेच, पण ते वेढ्याच्याच रेषेत, म्हणजे मध्यबिंदूपासून बाजूला असायला हवे. काही ठिकाणी टोक वळवून मुद्दाम मधोमध आणलेले असते. असे टोक वाट एकीकडे करते, वेढे दुसरीकडे जातात, आणि बूच फाटते. तार फार जाडही नको. साधारण 3 मिलिमीटरच्या आतबाहेर असली की पुरे. लांबीच्या बाबतीत मात्र कंजुषी चालत नाही. निदान पाच पूर्ण वेढे आणि पाच ते सहा सेंटिमीटर लांबी असावी, कारण आखूड मळसूत्र लांब बुचाच्या अर्ध्यातच थांबते आणि बूच बरोबर तिथेच तुटते. आमच्या खणातला भोक पाडणारा नग या कसोटीत दोनदा नापास होतो: त्याला मधला दांडा आहे आणि वेढे चारच. मी तो घेतला तेव्हा मूठच पाहिली होती, हे वेगळे सांगायला नको.

काळपट किंवा करड्या रंगाचा गुळगुळीत लेप दिलेली मळसूत्रे मिळतात. नॉनस्टिक तव्याला असतो तसाच हा लेप असून त्याने घर्षण कमी होते आणि कृत्रिम बुचांत तर फरक हाताला स्पष्ट जाणवतो. मिळाले तर असेच घ्यावे.

कोणत्या रचनेचा घ्यावा

सर्वांत प्रचलित तो घडीचा कॉर्कस्क्रू, ज्याला वेटर्स फ्रेंड म्हणतात. जर्मनीतल्या कार्ल विन्के याने 1882 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: चाकूसारखी मूठ, तिच्या पोटात घडी होणारे मळसूत्र, एका टोकाला वेष्टन कापायचे छोटे पाते आणि दुसऱ्या टोकाला बाटलीच्या काठावर टेकवायची तरफ. हा घ्यायचा झाला तर तरफेला दोन खाचा आहेत का, हे आवर्जून पाहावे. एकाच खाचेच्या नगात मूठ वर उचलताना ओढ तिरकी होते आणि शेवटी बूच वाकून मोडते. दोन खाचांच्या नगात पहिल्या खाचेवर बूच निम्मे येते, दुसऱ्या खाचेवर उरलेले, आणि ओढ बऱ्यापैकी सरळ राहते. तो लहान आहे, स्वस्त आहे, काही शे रुपयांत चांगला मिळतो, आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. दोन-तीन बाटल्यांवर हात बसला की दुसरे काही नको वाटते. माझा रोजचा हाच.

पण मनगट दुखणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या बोटांचे सांधे धरले आहेत त्यांना, तो सोपा जात नाही. मळसूत्र फिरवताना बाटली धरायची, मग तरफ गळ्याशी दाबून मूठ उचलायची, यात दोन्ही हात वेगवेगळी कामे करतात. अशा घरांत सलग फिरवण्याचा कॉर्कस्क्रू घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या हर्बर्ट अॅलन या अमेरिकन अभियंत्याने 1979 च्या सुमारास स्क्रूपुल या नावाने तो आणला. त्यात एक चौकट बाटलीच्या गळ्यावर बसते, आणि लांब, लेप दिलेले मळसूत्र तिच्यामधून सरळ खाली उतरते. वरची मूठ एकाच दिशेने फिरवत राहायचे. मळसूत्र पूर्ण आत गेले की चौकटीमुळे ते आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून बूचच त्यावरून वर चढू लागते. ओढणे नाही, दाबणे नाही, दिशा बदलणे नाही. माझ्या सासूबाई सत्तरी पार केलेल्या, वाईनला कधी हात न लावलेल्या. त्यांनी एका पाहुणीचा असा कॉर्कस्क्रू कुतूहलाने हातात घेऊन पहिल्याच प्रयत्नात बूच काढले आणि "हे तर शेवयांच्या साच्यासारखं," म्हणून पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

पंखांचा कॉर्कस्क्रू सगळ्यांनी पाहिलेला असतो: मूठ फिरवली की दोन्ही बाजूंचे हात वर जातात आणि ते खाली दाबले की बूच वर येते. दोन तरफांची ही युक्ती इंग्लंडमध्ये 1880 च्या दशकात रूढ झाली आणि आजचा परिचित आकार 1930 च्या अमेरिकन पेटंटाने आला. तत्त्व उत्तम आहे. दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबता येते आणि चौकट मळसूत्राला आपोआप मध्यावर ठेवते. अडचण मालाची आहे. भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक नगांत गिरमिटासारखे भरीव मळसूत्र असते आणि हलक्या धातूवर क्रोमचा मुलामा असतो. आगकाडीच्या परीक्षेत उतरला तर घ्यावा, नाहीतर नाही.

मोठी तरफ असलेले, दोन हालचालींत बूच काढणारे कॉर्कस्क्रू पाहुण्यांसमोर रुबाबदार दिसतात. ते झटपट काम करतात हे खरे, पण अर्धा खण व्यापतात, महाग असतात, आणि एखादा प्लॅस्टिकचा दात झिजला की सगळेच अडते. वर्षाकाठी पाच-सहा बाटल्या उघडणाऱ्या घराला ते नकोत. बॅटरीवर चालणारे खरोखर सोपे असतात आणि ज्यांच्या हातात अजिबात जोर नाही त्यांना दुसरा पर्यायही नसतो. फक्त पावसाळ्यात चार-चार तास वीज जाणाऱ्या गावात त्याच्या जोडीला घडीचा एक ठेवावा. सुईने बाटलीत हवा भरून बूच वर ढकलणारे पंप मी घरात ठेवत नाही. काचेत एखादा दोष असेल तर आतून दाब वाढवणे मला पटत नाही. दोन पातळ पात्यांचा चिमटा, जो बूच आणि काच यांच्या फटीत सरकवून पिळत काढतात, तो जुन्या, कुजक्या बुचांसाठी जाणत्याच्या हाती फार चांगला आहे. नवख्याच्या हाती तो सैल बूच आत ढकलतो.

डावखुऱ्यांसाठी एक सूचना. नेहमीची मळसूत्रे उजवीकडे फिरवायची असतात आणि डाव्या हाताला ते उलटे पडते. उलट्या आट्यांची मिळतात, पण ती घरात इतरांना छळतात. माझा दीर डावखुरा आहे आणि तो सलग फिरवण्याचाच पसंत करतो, कारण त्याची मूठ कोणत्याही हाताने सारखीच फिरते.

खाऱ्या हवेचा हिशेब

मुंबई-पुण्यातल्या सल्ल्यांत हा भाग नसतो. किनाऱ्यावर हवेतल्या मिठाचा आणि ओलाव्याचा थर प्रत्येक धातूवर बसतो, आणि मुलाम्याला टाचणीएवढे छिद्र असले तरी गंज तेथून आत शिरून मुलामा खालून उचलतो. कॉर्कस्क्रूत हे प्रथम तीन जागी दिसते: मळसूत्राच्या टोकाला, बिजागरीच्या खिळ्याशी आणि पंखांच्या दात्यांत. गंजलेले टोक बोथट होते, आणि खरखरीत मळसूत्र बुचात शिरताना ते किसणीसारखे किसते.

म्हणून 'स्टील' एवढ्या शब्दावर विसंबू नये. 'स्टेनलेस' असे स्पष्ट लिहिलेले पाहावे आणि मळसूत्र, तरफ व खिळा तिन्ही त्याचेच आहेत का ते विचारावे. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, पण तो अर्धवट आहे. चुंबक अजिबात चिकटला नाही तर ते बहुधा चांगले स्टेनलेस असते. चिकटला म्हणून मात्र ते वाईट ठरत नाही, कारण चाकूसुऱ्यांच्या कडक स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. लाकडी मूठ असेल तर ती तेल मुरवलेली असावी. पावसाळ्यात रॉगण न दिलेले लाकूड फुगते आणि मळसूत्राची बैठक सैल होते.

बाटली उघडताना

बाटली ओट्यावर किंवा टेबलावर उभी ठेवावी, मांडीवर किंवा गुडघ्यांत नाही. फ्रिजमधून काढलेली असेल तर बाहेरच्या दमट हवेने तिला लगेच घाम फुटतो. कोरडा पंचा गळ्याभोवती गुंडाळून धरावी. तोंडाला दोन कंगोरे असतात. खालच्या कंगोऱ्याच्या खाली पाते टेकवून वेष्टन पुढून अर्धे आणि मागून अर्धे असे कापावे, अंगठा पात्याच्या वाटेत येऊ देऊ नये, आणि टोपी उचलून काढावी. बुचावर काळसर किंवा पांढरी बुरशी दिसली तर दचकू नये. आपल्या दमट हवेत ती वेष्टनाखाली सहज धरते आणि आतल्या वाईनशी तिचा संबंध नसतो. ओल्या फडक्याने बुचाचे डोके आणि काचेचा काठ स्वच्छ पुसला की झाले.

आता टोक बुचावर ठेवताना ते अगदी मध्यावर न ठेवता किंचित बाजूला ठेवावे. हे उलटे वाटते, पण टोक मळसूत्राच्या मध्यरेषेवर नसते. ते बाजूला ठेवले तरच संपूर्ण वेढा मधोमध उतरतो. टोक रुतवताना मूठ थोडी कललेली चालते, पहिला अर्धा फेरा होताच ती सरळ उभी करावी, आणि एकदा बाटलीच्या बाजूने, एकदा समोरून पाहून मळसूत्र काचेला समांतर चालले आहे ना, याची खात्री करावी. वाकडे गेलेले आढळले तर पुढे रेटू नये. उलटे फिरवून काढावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

फिरवताना खाली दाबू नये, मळसूत्र स्वतःच आत खेचले जाते. शेवटचा एक वेढा बुचाबाहेर दिसत असताना थांबावे, म्हणजे टोक बुचाच्या तळातून बाहेर पडून वाईनमध्ये कण पडत नाहीत. बूच फार लांब निघाले, तर अर्धे वर आल्यावर आणखी एक फेरा देता येतो.

मग तरफेची पहिली खाच काठावर टेकवावी आणि डाव्या हाताच्या बोटांनी तरफ व गळा एकत्र आवळून धरावीत. ही पकड सैल राहिली की तरफ निसटते आणि काठाचा टवका उडू शकतो. नवख्यांच्या चुका मी येथेच सर्वाधिक पाहिल्या आहेत. मूठ सरळ वर उचलावी, झटका न देता. बूच निम्मे आले की दुसरी खाच टेकवावी आणि पुन्हा उचलावे. अर्धा सेंटिमीटर उरले असता तरफ सोडून द्यावी, बूच फडक्यात धरून थोडे डावीउजवीकडे हलवत काढावे. मोठा 'फट्ट' आवाज होणे चांगल्या कामाचे लक्षण नाही.

बूच जागचे हलतच नसेल तर अधिक जोर लावण्यापूर्वी एक जुनी युक्ती करावी. इंग्लंडमधले धर्मगुरू सॅम्युअल हेन्शॉल यांनी 1795 मध्ये कॉर्कस्क्रूचे पेटंट घेतले, त्यात मळसूत्राच्या वर एक चकती होती. मळसूत्र पूर्ण आत गेले की चकती बुचाला टेकते आणि पुढचा फेरा बुचालाच फिरवतो. त्याने बूच आणि काच यांची चिकट तुटते. आपणही मळसूत्र नीट आत गेल्यावर मूठ धरून बूच कणभर पिळून पाहावे. ते सरकल्याची जाणीव हाताला होते, आणि मग ओढ निम्म्याने हलकी लागते.

बिघडले तर

बूच मधेच तुटले तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरके, काचेच्या एका बाजूकडे झुकवून, दाब न देता घालावे आणि हळू ओढावे. तुकडा खाली सरकू लागला तर हट्ट सोडावा आणि तो मुद्दाम आत लोटावा. पण तोंडावर फडके धरून, लाकडी लाटण्याच्या टोकाने आणि अगदी सावकाश, कारण बूच खाली जाताना आतली हवा दबते आणि वाईन कारंज्यासारखी उडते. मग ती गाळून घ्यावी. चक्का टांगायचे मलमलचे फडके याला उत्तम, फक्त साबणाचा वास नसलेले हवे. बुचाचे कण पोटात गेले तरी अपाय होत नाही.

मे महिन्यात मोटारीच्या डिकीत पाच-सहा तास तापलेली बाटली आली, तर बूच काठाच्या वर उचललेले दिसते, कधी वेष्टनाखालून चिकट ओघळही. वाईन तापून फुगल्याचा तो परिणाम आहे. असे बूच सैल असते. बाटली आधी थंड होऊ द्यावी आणि मळसूत्र घालताना बूच बोटांनी आधार देऊन धरावे.

बाटलीचा तळ बुटात ठेवून भिंतीवर आपटण्याची युक्ती मोबाईलवर पाहून एका पाहुण्याने आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर करून पाहिली. जांभ्याचा चिरा खडबडीत, बुटाचा तळवा पातळ. तिसऱ्या आपटीला बाटली फुटली, तळहाताला चार टाके पडले, आणि रात्री नऊ वाजता डॉक्टरांकडे जाण्यात त्यांची संध्याकाळ गेली. तेव्हापासून दोन्ही खोल्यांच्या कपाटात मी दोन खाचांचा एकेक कॉर्कस्क्रू ठेवला आहे.

काम झाल्यावर

मळसूत्रावर अडकलेले बूच ओढून काढू नये. बूच एका हातात धरून मूठ उलटी फिरवावी. मग मळसूत्र कोमट पाण्याखाली धुऊन लगेच कोरडे पुसावे. वाईन आंबट असते आणि तिचा वाळलेला थर खाऱ्या हवेच्या मदतीला येतो. पितळेची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून मळसूत्र आमसुलाने किंवा चिंचेने घासण्याचा मोह होतो, तो आवरावा; आंबटाने मुलामा आणखी सुटतो, आणि तारेच्या घासणीने लेप जातो. बिजागरीत दोन महिन्यांनी एकदा, लाकडी पोळपाटांना किंवा कापायच्या फळ्यांना लावतात ते खाण्यास निर्धोक खनिज तेल एक थेंब सोडावे. घरात खोबरेल मुबलक असले तरी ते येथे नको: ते 24 अंशांच्या खाली थिजते, कालांतराने खवट होते आणि त्यावर धूळ बसून बिजागरी आणखी जड होते.

ठेवण्याची जागा उघडा खण नव्हे. घट्ट झाकणाचा लहान डबा घ्यावा, औषधांच्या किंवा नव्या चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या त्यात टाकाव्यात, आणि मृगाच्या आधी त्या बदलाव्यात.